उस्तादांच्या हातचा पाय

आमच्या उस्तादांना राग आला की ते प्लास्टर घासायची कानस आपटतात. त्या महिन्यात तीन कानशींच्या मुठी तुटल्या, आणि कारण एकच, ती कंडक्टरबाई.

अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली गेलेला. सोमवारी डेपोत चालून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर घरी बसा. आणि उस्तादांनी केलेला तिसरा कृत्रिम पायसुद्धा तिला टोचत होता.

"कुठं दुखतंय?" उस्ताद विचारायचे.

"नाही हो, बरंय. होईल सवय."

"बरंय काय बरंय? तोंड बघा आरशात!"

सोबत तिची सासू असायची, एकदम फटकळ. "घरात आली की आधी तो पाय काढून फेकते. इतकी वर्षं करता काय तुम्ही?"

मला हसू फुटत होतं. उस्तादांचा चेहरा बघून गिळलं.

उस्तादांचा स्वतःचाही डावा पाय गुडघ्याखाली नाही. बाविसाव्या वर्षी यंत्रात गेला. मिळालेल्या पायानं इतका छळ मांडला की वैतागून हे काम स्वतःच शिकले. "दुखणं काय असतं ते मला कुणी सांगू नये," हे त्यांचं पालुपद. मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली प्लास्टर कालवतेय, मीही ते कौतुकानं ऐकायचे. मूर्ख मी!

पायाच्या उरलेल्या खुंटाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून माप घ्यायचं, त्या वाळल्या की त्या कवचात प्लास्टर ओतून साचा करायचा. जिथं भार सोसतो तिथं साचा घासायचा. जिथं हाड टोचतं तिथं वरून प्लास्टर चढवायचं, म्हणजे त्यावर बनणाऱ्या सॉकेटमध्ये, खुंट बसतो त्या खोबणीत, तेवढी मोकळी जागा राहते. सगळं कसब या घासण्या-चढवण्यातच.

शुक्रवारी फळीवर जागा करायला मी तिचे जुने साचे फोडायला घेतले आणि हातोडी तशीच राहिली. तिन्हींवर बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, बोटभर जाड प्लास्टर. दुसऱ्या लोकांचे साचे उतरवले, तर त्यांनाही तिथंच टेंगूळ. आणि पलीकडे उस्ताद बसल्या बसल्या स्वतःच्या पायाची नेमकी तीच जागा चोळत होते.

माझं डोकंच फिरलं. साचे त्यांच्यासमोर ओळीनं मांडले. "उस्ताद, हे सगळे पाय तुम्ही स्वतःच्या दुखण्याचे केलेत."

"तू मला शिकवणार?" कानस धाडकन आपटली.

"हात लावून बघा."

त्यांनी एकेका साच्यावरून अंगठा फिरवला.

शनिवारी सकाळी कंडक्टरबाईला बोलावून त्यांनी तिच्या हातात निळी पेन्सिल दिली. "मी काही विचारत नाही. टोचतं तिथं खूण करा." बाई बिचकली. सासूनं कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं खूण केली, पुढं, उरलेल्या नडगीच्या खालच्या टोकाला. बाहेरच्या बाजूला सॉकेट सैल, म्हणून खुंट आत घसरायचा आणि हाड तळाला आपटायचं. महिनाभर बाईनं उगाच सोसलं होतं.

रविवारची सुट्टी गेली, पण चौथा पाय झाला. सोमवारी दुपारी सासूचा फोन आला. "लागली हो कामावर! चालली, जिना चढली, खाली बघितलंसुद्धा नाही!"

मी टाळ्या पिटल्या. उस्तादांनी मात्र कपाटातून पाय करून दिलेल्यांच्या नावांची जुनी वही काढली आणि पहिल्याच पानावरचा नंबर लावला. कुणी निवृत्त शिक्षक होते. माझ्या कानावर पडावं म्हणून की काय, त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"गुरुजी, आमचा पाय कसा आहे?"

"अहो, झकास आहे, उस्ताद!" म्हातारा खूश होऊन म्हणाला. "पाच वर्षं झाली, एक ओरखडा नाही. माळ्यावर अगदी नीट गुंडाळून ठेवलाय."