घासलेल्या काचा

मावशीचं अंगण रेवसच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर. तिच्या विहिरीत वरच्या नाल्यातलं, रंगाच्या कारखान्याचं पाणी झिरपतं. ते लाल पाणी पिता येत नाही, त्यात मासळीही धुता येत नाही. ते साफ व्हावं म्हणून मी त्या अंगणात दहा काचा मांडल्या होत्या. प्रत्येक काचेवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर भट्टीत भाजून बसवलेला. ऊन पडलं की तो थर पाण्यातला रंग तोडतो. भुकटी काम करते, यात कुणालाच शंका नव्हती. ती टिकते का, एवढाच प्रश्न होता, आणि माझी तीन वर्षं त्यातच गेली होती.

प्रयोगशाळेत थर छान टिकायचा. तिथे आम्ही काचा शुद्ध पाण्याने, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशा विसळायचो.

त्या दिवशी अकरा वाजता माझे सर दोन तपासनिसांना घेऊन येणार होते. काचा टिकल्या तर विहिरीवर अशाच काचांची मोठी टाकी बसणार, नाहीतर काम बंद. मी आठला पोचले. काचा लखलखत होत्या. शेजारी राखेचं टोपलं आणि काथ्याचा ओला बोळा.

"पावणे येनार ना," मावशी म्हणाली. "काचांवर पांढरी बुरशी धरलेली. घासून काढली."

मी नको ते बोलले. "अडाण्यासारखा हात लावलास कशाला?" असंही म्हणाले. जिच्या हातचं खाऊन मी मोठी झाले, तिला. मावशीचा चेहरा उतरला. ती कालवं फोडायला बसली. मला लाज वाटली, पण राग जास्त होता, खोटं कशाला बोलू.

तरी एकेक काच वेगळ्या ट्रेमध्ये उन्हात ठेवून विहिरीचं पाणी ओतलं. दुसरं करणार काय? नऊ वाजले, साडेनऊ झाले. पाणी लाल ते लालच. सरांचा फोन आला, निघालोय म्हणाले. मी "बरं" एवढंच म्हटलं.

दहाच्या सुमारास मावशी पदराला हात पुसत आली आणि माझ्याकडे न बघता ट्रेंवर वाकली.

"ह्या तिनांचा रंग उतरतोय गो बाय."

कडेच्या तीन. त्यांना भट्टीत आच चुकून जास्त लागली होती. जास्त भाजलेला थर पक्का बसतो, पण आळशी होतो. म्हणून मी त्या नापास केल्या होत्या आणि काचा कमी पडल्या म्हणूनच मांडल्या होत्या. माझ्या लाडक्या, चपळ सात काचा मात्र कोऱ्या झाल्या होत्या.

खाडीकाठी चार दिवसांत प्रत्येक वस्तूवर खार आणि शेवाळ चढतं. इथे घासल्याशिवाय काहीच राहत नाही. याच अंगणात वाढलेल्या मला हे तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"माझं चुकलं, मावशी."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली.

अकराला फाटकाशी गाडी थांबली. एकदा घासून टिकलं म्हणजे टिकलंच असं नाही, हे मला कळत होतं. मी त्या तीन काचा उचलल्या, तिच्यापुढे ठेवल्या आणि काथ्याचा बोळा तिच्या हातात दिला.

"आता त्यांच्यासमोर परत घास. हात राखू नकोस."