भुंग्याची चाल

मास्तर लोकांकडे किस्से साठतात ते पेपर तपासताना. गठ्ठा पुढ्यात आला, की कुणीतरी पेनाचं टोपण लावतं आणि म्हणतं, "सर, तुमच्या त्या कुत्र्याचं काय झालं हो?" झालं! पेपर राहतात बाजूला.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. मी हायस्कूलला सायन्स शिकवायचो आणि मंगळवार पेठेत अण्णा गवळ्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. खाली त्यांचा गोठा, चार म्हशी. आमचे क्लार्क राधानगरीचे. गणपतीच्या सुट्टीनंतर ते गावाहून येताना पिशवीतून एक काळं पिल्लू घेऊन आले. भुंगा!

भुंगा पहिल्याच दिवशी गोठ्यात घुसला. म्हैस बिचकली आणि सकाळी पान्हाच सोडेना. अण्णा माडीवर आले.

"सर, एक लाथ बसली तर पिल्लू जाईल, आन् दूध बी. दिवाळीच्या पाडव्यापतूर पट्टा घालून चालाय लागलं तर ऱ्हाऊ दे. न्हायतर राधानगरीला धाडा."

* * *

पट्टा आणला, साखळी नको म्हणून दोरी आणली. गळ्यात पट्टा पडताच भुंगा खाली बसला. मी हलकेच ओढलं, तर तो आडवा झाला. आणखी ओढलं, तर आडवाच्या आडवा घसरत आला! कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हाक मारली, "पावणं, कुत्रं फिरवताय का रस्ता पुसताय?"

* * *

दुसऱ्या दिवशी हा विषय स्टाफरूममध्ये निघाला. पी.टी.चे चव्हाण सर म्हणाले, "शिस्त लागत नाही म्हणजे काय? माझ्याकडे द्या." संध्याकाळी शिट्टी घेऊन हजर! "डावा-उजवा, डावा-उजवा!" भुंगा ढिम्म. पण गल्लीत गोट्या खेळणारी सात पोरं उठून सरांच्या मागं रांगेत चालायला लागली. सर म्हणाले, "पद्धत चुकीची नाही. विद्यार्थी चुकीचा आहे."

* * *

चित्रकलेच्या पट्टणशेट्टी मॅडम हुपरीच्या. घरात पैंजणांचा कारखाना. त्यांनी चार घुंगरं आणून पट्ट्यात ओवली. "आवाजाच्या नादानं चालंल की!"

भुंग्यानं एक पाऊल टाकलं. छुम! तो थांबला. आवाजही थांबला. मान वाकडी करून त्यानं मागं बघितलं, मग दुसरं पाऊल टाकलं. छुम! पुन्हा थांबला. अर्ध्या तासात सहा पावलं झाली, पण प्रत्येक पावलागणिक निरीक्षण! माझ्या दहावीच्या वर्गात असा एक विद्यार्थी नव्हता. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

* * *

मग मलाच प्रश्न पडला. पट्टा गळ्यात पडला, की या जिवाला नक्की होतं तरी काय? सायन्सचा माणूस, प्रयोगाशिवाय चैन कसं पडणार? मी अंगणात उकिडवा बसलो, पट्टा मोठा करून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि दोरी बायकोच्या हातात दिली. "ओढ."

"अहो, कुणी बघेल!"

"ओढ तू."

तिनं ओढलं, जरा जास्तच मनापासून. मी आपोआप मागं रेटा दिला. शोध लागला! पुढं ओढलं, की अंग मागं जातं! तेवढ्यात दुधाची किटली घेऊन अण्णा दारात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, किटली खाली ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी विचारतात, "सर, आता कुठवर चालताय?"

* * *

पाडवा उजाडला. भुंगा अजून बसलेलाच. आमचे क्लार्क त्याला न्यायला पिशवी घेऊन आले. बायको बाहेरच आली नाही. मी चहा तसाच ठेवला आणि भुंग्याची दोरी हातात घेतली.

पाडव्याला आमच्याकडे गवळी म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि मोटारसायकलमागं पळवतात. म्हशीला दावं नाही, काही नाही. मालक पुढं, ती मागं. अण्णांनी सायलेन्सर काढलेली गाडी सुरू केली आणि पेठ हादरली. दचकून भुंग्यानं असा हिसडा दिला, की माझ्या हातातली दोरी सुटली! गाडी निघाली, मागं म्हशी, आणि त्या खुरांच्या धुरळ्यात भुंगा दिसेनासा झाला.

मी चप्पल टाकून पळालो. गेलं पिल्लू, दुसरं काही सुचेना. मागं क्लार्क, पिशवीसकट.

चौकात गर्दी शिट्ट्या मारत होती. पुढं अण्णांची गाडी, मागं चार म्हशी, आणि शेवटच्या म्हशीमागं शेपूट वर करून भुंगा. लोंबणारी दोरी पायात येत होती म्हणून की काय, तिचं टोक त्यानं स्वतःच्याच तोंडात धरलं होतं!

अण्णांनी गाडी थांबवली. मी धापा टाकत म्हणालो, "अण्णा, हातातनं सुटला हो..."

"पट्टा गळ्यात हाय?"

"आहे."

"चालतंय न्हवं?"

"चालतोय, पण दोरी त्याच्याच..."

अण्णांनी गाडीला किक मारली.

"सर, दुसरं टोक कुणाकडं पायजे, हे मी कुठं बोललोतो?"