हिरवा कोपरा

मंजुळाबाईच्या पिशव्या पहिल्यांदा हिरव्या पडल्या त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात. तिथे सासूची, भिकुबाईची खाट असायची.

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. भडगावच्या घरातली तिची खोली गार, अंधारी. १९९४ च्या श्रावणात मंजुळाबाईने धुळ्याहून प्रशिक्षण घेऊन येऊन तिथे धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावली. भिंतींना ओलं गोणपाट, वरून टांगलेल्या भुशाच्या पिशव्या. पिशवीत कापसासारखी पांढरी बुरशी धरली की पीक येणार. पण आठव्या दिवशी कोपऱ्यातल्या पिशव्यांवर हिरवी पूड दिसली, आणि चार दिवसांत सगळा लॉट गेला.

तिने पिशव्या जाळल्या. गोणपाट न उतरवताच डोळे चुरचुरेपर्यंत जंतुनाशक फॉर्मॅलिन मारलं, खोली आठवडाभर बंद ठेवली, नवा लॉट भरला. पुन्हा त्याच कोपऱ्यातून हिरवं.

"मायले नही आवडनं," नवरा अभिमन हसत म्हणाला. पण स्वतः उंबऱ्याच्या आत आला नाही. "अळिंबीले कुत्रानी छत्री म्हने ती. आते पुढला बी लॉट गया ते खोलीम्हा कांदा भरसू."

तेव्हापासून मंजुळाबाईला खोकला ऐकू येऊ लागला. पाणी शिंपडताना पाठीमागे, सासू तंबाखू तोंडात धरून खोकायची तसा. वळून पाहिलं की पिशव्या तेवढ्या हलत असायच्या.

प्रशिक्षणातले सर म्हणाले होते, पिशवीकडे बघू नका, डाग कुठून निघाला ते बघा. एका दुपारी बॅटरी घेऊन ती कोपऱ्यात बसली. हिरवं खाली दाट होतं, भिंतीकडे आणखी दाट. तिने गोणपाट उचललं.

मागे कोनाडा. कोनाड्यात पितळी ताटली. ताटलीत केसाळ, हिरवागार गोळा.

कानबाईचा रोट, श्रावणातल्या या देवीचा कणकेचा प्रसाद, घरच्यांनीच खायचा. सासू गेल्यापासून तिचा वाटा मंजुळाबाई स्वतःच तिथे ठेवायची आणि पुनवेला उचलून पुरायची. यंदा पुनवेआधीच पिशव्या आल्या, घाईघाईत गोणपाट चढलं, रोट मागे राहून गेला.

रोट उकिरड्यावर टाकायचा नसतो. नाकाला पदर लावून तिने ओल्या फडक्यात तो गुंडाळला आणि शेवग्याखाली पुरला.

"मायनी शिक्षा?" अभिमनने दुरूनच विचारलं.

"मायनी कसानी? मन्ही चूक शे. तिना घास मीच दडपी दिन्हा."

कोनाडा तिने विटांनी बुजवला, वरून चुना दिला. गोणपाट उकळून घेतलं. तिसरा लॉट भिंतीपासून दारापर्यंत पांढराशुभ्र आला. कांद्याचं नाव कोणी काढलं नाही.

खोकलाही थांबला. तरी आत शिरण्याआधी हातपाय धुऊन ती दाराशी थांबायची. "माय, येऊ का?" गोणपाटातून पाणी तेवढं ठिबकायचं.

पुढच्या कानबाईला सासूचा वाटा हातात घेऊन गोणपाट सारून ती त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली. ठेवायला जागा नव्हती. मग उंबऱ्याबाहेर येऊन तिने तो स्वतःच खाल्ला, उभ्या उभ्या, पदरावर पडलेला कणसुद्धा वेचून.