सराईचा मागचा जिना

मी सरकारी ओव्हरसियर होतो. ओळंबा सरळ लटकतोय की नाही, वीट वाजवली तर खणखणते की नाही, एवढ्यावरच माझा विश्वास. घरात कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

साल बासष्ट-त्रेसष्टचं असेल. यवतमाळ जिल्ह्यात ढाणकीच्या अलीकडे दोनेक मैलांवर एक दगडी सराई होती. जुन्या काळी मीठ-धान्य वाहणारे लमाणांचे तांडे बैल सोडून तिथं मुक्काम करत. खाली कमानींची रांग, वर एकच लांबलचक माडी, तिला सागवानी फळ्यांची तक्तपोशी. माडीच्या मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत खिडक्यांच्या जागी दगडात कोरलेल्या जाळ्या. तिसऱ्या प्रहरी ऊन कललं की त्या जाळ्यांची नक्षी अख्ख्या माडीभर पसरायची. मी मोजमाप घ्यायला गेलो त्या दिवशी टेप हातात धरून तसाच उभा राहिलो होतो. वास्तू संरक्षित होती. एक दगड जरी हलवला तरी शिक्षा होईल, असा फलकच दाराशी लावलेला होता.

या सराईत बायांना दाईचं काम शिकवणारं केंद्र निघणार होतं. गावोगावच्या बाया तिथं राहून शिकणार. खाली दवाखाना आणि कोठी, वर वर्ग आणि वरच झोपायची सोय. जुन्या सराईला या कामाजोगं करायची जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट मला खटकली. वर जायला एकच जिना, तोही लाकडी, जेमतेम तीन फूट रुंद, आणि नेमका कोठीच्या भिंतीला चिकटून. पुढच्या बाजूला खिडक्या होत्या, पण इतक्या अरुंद की त्यातून मांजर तेवढं गेलं असतं. मागं त्या जाळ्या. म्हणजे खाली काही पेटलं तर वरच्या माणसांना बाहेर पडायला वाटच नाही.

मी रात्रंदिवस तोच विचार करून शेवटी कागदावर एक जिना काढला. मागच्या भिंतीतली मधली जाळी अलगद सोडवायची, तिथं दार करायचं, आणि बाहेरून दगडी जिना खाली परसात उतरवायचा. अठरा पायऱ्या. नऊ झाल्या की चौक, तिथून डावीकडे वळण. चार फूट रुंदी, म्हणजे एका बाईला दुसरीचा हात धरून उतरता यावं. नोकरीत मी पुढं पूल काढले, शाळा काढल्या, पण त्या जिन्याइतकं जीव ओतून काही काढलं नाही.

जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याचे एक साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता. जाळीवरून असा हात फिरवत होते, जणू ती दुखेल.

"ही काढायची म्हणता?"

"एकच काढू, साहेब. जपून ठेवू. पुढं पुन्हा बसवता येईल."

"आणि बाहेरून तुमचा जिना चिकटवणार? ओव्हरसियर, असं दुसरं काम आता कुणाच्या हातून होणार नाही. नाही म्हणजे नाही."

नकाशा परत आला. मग मला जे करता येण्यासारखं होतं ते केलं. चूल बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये नेली. जिन्याला खालून चुन्याचा जाड गिलावा दिला. वाळूच्या लाल बादल्या टांगल्या. आणि काम पुरं झाल्याच्या अहवालात शेवटी एक ओळ लिहिली – दुसरा जिना झाल्याशिवाय वरच्या मजल्यावर माणसं ठेवू नयेत.

आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "ही ओळ राहिली तर ताबा द्यायला वर्ष जाईल. बाया येऊन बसल्यात. खोडा ती."

मी खोडली. माझ्याच पेनानं, वर माझी सही करून. दुसऱ्या कुणी हात धरला नव्हता माझा.

चाव्या द्यायला गेलो तेव्हा केंद्राच्या मुख्य नर्स सुमनबाई माझ्याबरोबर सगळी सराई फिरल्या. नागपूरच्या, पन्नाशीच्या, बोलणं थोडं. जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी विचारलं, "आग लागली तर माझ्या बाया उतरतील कुठून?"

मी म्हणालो, "बाई, खाली काही पेटू देऊ नका."

त्यांनी माझ्याकडे बघतच चाव्या घेतल्या. ते बघणं मी बरोबर घेऊन गेलो.

वर्ष-दीड वर्षानं माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली, मुकुटबनच्या बाजूला, रस्त्याच्या कामावर. चैत्र होता. दुपारी जेवण झाल्यावर मजूर सावलीला पांगले आणि मीही एका मोहाच्या झाडाखाली आडवा झालो. मोहाचा तो गोड, जड वास... डोळा लागला.

आणि मी माझ्या जिन्यावर उभा होतो.

नऊ पायऱ्यांनंतरच्या चौकात, कठड्याला पाठ लावून. स्वप्न पाहतोय असं अजिबात वाटत नव्हतं. दगड नवा होता, टाकीचे घाव अजून उमटलेले. वरून बाया उतरत होत्या. धावपळ नाही, ओरडा नाही. एकीचा हात दुसरीच्या हातात, डोक्यावरचे पदर धुरानं काळवंडलेले, पण धूर मात्र कुठंच नव्हता. सगळीकडे जाळीतून येतं तसलं ऊन, ठिपक्याठिपक्यांचं. मी प्रत्येकीला म्हणत होतो, "पायरी बघा. इथून डावीकडे." त्या माझ्याकडे न बघता मान हलवून पुढं जात होत्या. पावलांचा आवाज येत नव्हता. सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली, लमाण बायांसारखा आरशांचा जुना घागरा घातलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिनं छातीशी धरलेलं एक गाठोडं माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी कठडा धरून वळण उतरली, आणि खाली उभी राहून हात पुढं केले. मी गाठोडं परत दिलं. ते ऊबदार होतं. आत काहीतरी हललं.

जागा झालो तो कवडूच्या हाकेनं. कवडू म्हणजे माझा मोजणीची साखळी धरणारा माणूस, तिथलाच, वयानं मोठा.

"सायेब, काय झालं? कोनाले उतरवून राह्यलते तुम्ही?"

"का रे?"

"झोपेतच उठून बसले. हात असे समोर धरून 'पायरी बघा, पायरी बघा' म्हनून राह्यलते. मले वाटलं, ऊन लागलं."

मी घड्याळ बघितलं. सव्वादोन. माझे दोन्ही तळवे गरम होते, एवढं आठवतं. पाणी प्यायलो आणि कामाला लागलो. त्यात विशेष काही आहे असं मला वाटलंही नाही, खरं सांगतो.

तिसऱ्या दिवशी जीप आली. ढाणकीच्या सराईला आग लागली होती आणि चौकशीसाठी मला तातडीनं बोलावलं होतं. ड्रायव्हरला मी विचारलं, "माणसं?" तो म्हणाला, "ते मले कोनी सांगतलं नाई जी." तो अख्खा प्रवास मी कसा केला ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यापुढं फक्त ती खोडलेली ओळ होती.

सराईच्या दाराशी सुमनबाई उभ्या होत्या. मी जीपमधून उतरायच्या आधीच त्या म्हणाल्या, "सगळ्या आहेत. एकीलाही खरचटलं नाही."

मी उतरून विचारलं, "कशा वाचल्या?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. कोठीत गाद्यांसाठी आणलेला कापूस होता. शेजारी अवजारं उकळायचा स्टो भडकला आणि क्षणात जिना पेटला. वर वर्गात बावीस बाया. सुमनबाई खाली दवाखान्यात होत्या. त्यांनी बादल्या ओतल्या, हात भाजून घेतले, पण जिन्यापाशी जाता येईना.

"वरून त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मग ते एकदम थांबलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, संपलं. मी वेड्यासारखी पळत सराईला वळसा घालून मागं गेले, तर सगळ्याजणी परसातल्या कडुलिंबाखाली बसलेल्या. ओळीनं. मी विचारलं, कुठून आलात ग? तर म्हणतात, मागच्या जिन्यानं."

"किती वाजले होते?"

"दोनच्या वर्गाला बसून थोडाच वेळ झाला होता."

मी मागं गेलो. भिंत होती तशीच होती. मधली जाळी जागच्या जागी, तिच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत. खाली परसात पायरी तर सोडाच, दगडाचा एक कपचाही नव्हता. मी गुडघ्यावर बसून माती चाचपली.

"बाई," मी विचारलं, "त्यांच्यात एखादं लहान मूल होतं का?"

सुमनबाईंनी चमकून पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? एक बाई पहाटे वर बाळंत झाली होती. रजिस्टरवर नावही चढलं नव्हतं अजून."

बायांची सोय गावातल्या शाळेत केली होती. मी एकेकीला भेटलो. मथुरा म्हणून एक तरुण विधवा होती. तिच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, वर्गात तीच सगळ्यात हुशार. असल्या गोष्टींवर तिचाही विश्वास नव्हता, ते तिच्या बोलण्यातच कळत होतं.

"धूर भरला तशा आमी मागच्या भिंतीले टेकलो. आधी भिंतच होती जी. मंग दार होतं."

"दार उघडलं कुणी?"

"उघडंच होतं. नऊ पायऱ्या उतरलो, डाव्या हाताले वळलो, पुन्हा नऊ. मी मोजल्या. मले मोजाची सवयच हाय." मग म्हणाली, "तुमी मले खोटं पाडान, तरी मी हेच सांगीन."

मी तिला खोटं कशाच्या जोरावर पाडणार? तो नकाशा यवतमाळच्या ऑफिसात पत्र्याच्या पेटीत बंद होता. या तुकडीच्या बाया आल्या तेव्हा माझी बदली होऊन गेलेली. त्यांच्यातल्या एकीनंही मला कधी पाहिलं नव्हतं.

शाळेच्या ओट्यावर एक म्हातारी बाळंतिणीच्या पोराला तेल लावत बसली होती. आरशांचा घागरा, पांढऱ्या बांगड्या. धावलीबाई तिचं नाव, जवळच्याच लमाण तांड्यावरची, तीही शिकायलाच आलेली. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"आला का बापू? घे, पाह्य तुयं लेकरू. बेस आहे."

"आजी, तुम्ही मला ओळखता?"

"काहून नाई? तुह्याच हातात तं देल्लं होतं वळनावर. मले गुडघ्यानं उतरू देत नव्हतं."

तिनं ते पोर माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते कितीतरी वेळ धरून बसलो.

चौकशीत लिहिलं गेलं की बायांनी लुगडी एकाला एक बांधून जाळीच्या फटीतून उतरून जीव वाचवला. त्या फटीतून माझी मूठ जात नव्हती. पण लिहिणाऱ्यांना दुसरं काय लिहिता येणार होतं? मला फक्त एवढंच विचारलं, इमारत राहण्यासाठी सुरक्षित आहे असं तुम्ही कळवलं होतं का?

तेव्हा मी ती खोडलेली ओळ सांगितली. साहेब समोरच बसले होते. मी त्यांचं नाव घेतलं नाही; ओळ मी लिहिली आणि मीच खोडली, सही माझी आहे, एवढंच म्हणालो. मला ठपका मिळाला. तो मिळायलाच हवा होता. पण तो कागद वरपर्यंत गेला आणि तीन महिन्यांत दुसऱ्या जिन्याला मंजुरी आली. जुन्या वास्तूंचे तेच साहेब स्वतः आले, मधली जाळी आपल्या देखरेखीखाली सोडवून घेतली. नक्षीतलं एक फूलही तुटलं नाही. दगडी जिना मात्र नको म्हणाले. भिंतीपासून सुटा उभा राहील असा लोखंडी करा, म्हणजे कधी काढायचा झाला तर वास्तूला धक्का नको. ते बरोबरच होतं. मी नवा नकाशा काढला.

जिना उभा राहिल्यावर सगळ्या बायांना एकदा सरावासाठी त्यावरून उतरवायचं ठरलं. मी खाली परसात उभा होतो. मथुरा पुढं, मागून बाकीच्या, लोखंडावर पावलांचा नुसता दणदणाट. शेवटी धावलीबाई आली. पहिल्याच पायरीवर थांबून तिनं पाय दोनदा आपटून पाहिला.

"बापू, हा वाजते."

"लोखंडाचा आहे ना आजी."

"तो वाजत नव्हता."

"हा खरा आहे, म्हणून वाजतो," मी हसत म्हणालो. मला तिची भीती घालवायची होती.

ती एकेक पायरी करत, कठडा धरत, सावकाश खाली आली. माझ्यासमोर उभी राहिली. रागावली नव्हती, पण मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असं तिला वाटलं असावं.

"अन् तो खोटा होता, तं आमी उतरलो कायनं?"