डिकीतले अंकल

"रातची झोपते का नीट?" बॉनेटवर हात ठेवून अंकल आधी हे विचारायचे. उभी गाडी गुपचूप करंट खात असेल, तर ती जागी आहे, असं त्यांचं म्हणणं. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा मेकॅनिक, गाडीची तब्येत घरच्या माणसासारखी विचारणारा.

आयुष्यभर त्यांनी उत्तनला बोटींची इंजिनं दुरुस्त केली. उतारवयात स्कूटरवरून आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत जुन्या गाड्या बघायला यायचे.

माझ्या गाडीची बॅटरी रोज सकाळी उतरलेली असायची. नवी टाकली, तीही उतरली. त्यात बायकोला नववा महिना लागलेला. अंकलनी मीटर लावला, तर इंजिन चालू असूनही चार्जिंग होत नव्हतं. अल्टरनेटरचा सैल पट्टा त्यांनी ताणून बसवला. तरी दुसऱ्या सकाळी गाडी गप्पच.

मग त्यांना डिकीतल्या दिव्याचा संशय आला. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही, हे बाहेरून कसं कळणार? अंकल चपला काढून डिकीत शिरले, गुडघे पोटाशी घेतले आणि मला झाकण लावायला सांगितलं.

"बत्ती चालूच हाय," आतून समाधानाचा आवाज आला. "हीच झोपू देत न्हाय. आता उघड."

किल्ली त्यांच्या खिशात होती.

वॉचमनने येऊन विचारलं, "अंदर कौन है?" मी म्हणालो, "मेकॅनिक." तळमजल्यावरच्या गुजराती काकी चहा घेऊन आल्या आणि तो द्यायचा कुठून, म्हणून उभ्या राहिल्या.

अंकल आतून सांगत गेले, तसे मी मागच्या सीटचे बोल्ट सोडवले. फटीतून त्यांचं डोकं आलं, खांदे अडकले. खुर्चीवर बसून बघणारी माझी बायको इतकी हसली, की तिला कळा सुरू झाल्या.

आम्ही अंकलना ओढून काढलं. त्यांनी डिकीतला बल्ब उपटला, सगळ्यांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली. हॉस्पिटलच्या दारात इंजिन बंद करायला त्यांनी मनाई केली आणि स्वतः गाडीतच बसून राहिले. संध्याकाळी मी धावत येऊन सांगितलं, मुलगी झाली.

ते मीटरकडे बघत होते. "चांगलं झालं," म्हणाले. "चार्जिंग पण येतंय."

गेल्या वर्षी अंकल गेले. उत्तनच्या चर्चबाहेर त्यांनी जगवलेल्या गाड्यांची रांग लागली होती. माती देऊन परतलो, तर अर्ध्या गाड्या सुरूच होईनात. मग आम्ही सगळे, इस्त्रीचे कपडे घातलेले अनोळखी लोक, एकमेकांच्या गाड्या ढकलत राहिलो. माझी मुलगीही दोन्ही हात लावून ढकलत होती. शेवटची गाडी सुरू होईपर्यंत कुणीच घरी गेलं नाही.