दहा बाहुल्यांचे गुरुवार

माझी धाकटी बहीण चौदा वर्षांची असताना तिने नवरात्रात अकरा बाहुल्या चोरल्या. त्या वर्षी आमच्या घरी कोलू, म्हणजे पायऱ्यांवरची बाहुल्यांची आरास, मांडला नव्हता. आषाढात आई गेली होती, आणि घरात कुणी गेलं की वर्षभर बाहुल्या मांडायच्या नाहीत अशी आमच्याकडे रीत. आईच्या बाहुल्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली आत्तेच्या कमरेला. आत्ते म्हणजे अप्पांची बहीण. आई गेल्यावर घर बघायला आली, ती राहिलीच.

दुसऱ्यांचा कोलू बघायला मात्र मनाई नव्हती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आमची मराठी घरं. संध्याकाळी मुली घरोघर जायच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायच्या, एखादं गाणं म्हणायच्या आणि हळदकुंकू, सुंडल घेऊन निघायच्या. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ. ती न्यायला प्रत्येकीजवळ डबा असे. बहीण उसळ तिथेच उभ्याने खायची आणि डब्यात बाहुली घालून आणायची. ‘पोरगी आढेवेढे घेत नाही,’ असं तिचं कौतुकही झालं. मी रोज तिच्याबरोबर होते. मला काही दिसलं नाही, कारण परक्या घरी मी खाली बघते.

अकरावी बाहुली म्हणजे एका अधिकाऱ्याच्या घरची चांदीची गाय होती. त्यांनी पोलिसांत सांगितलं. शिपाई आला, त्याने चपला बाहेर काढल्या आणि कोठीची खोली उघडली. आत एकावर एक पाट लावून बाहुल्या ओळीने मांडलेल्या होत्या. पुढे रांगोळीही होती. शिपायाने आधी नमस्कार केला, मग गाय उचलली. बाकीच्या दहा वहीत लिहून घेतल्या.

मुलांच्या कोर्टाच्या एक बाई घरी आल्या. त्यांनी अप्पांना दोन वाटा सांगितल्या. एक, कोर्ट मुलीला मद्रासच्या सुधारगृहात पाठवील, तीन वर्षं. दुसरी, सरकारी इस्पितळात मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दर गुरुवारी न्यायचं. मॅजिस्ट्रेट तोवर तारीख पुढे ढकलतील. डॉक्टरांनी चांगलं लिहून दिलं तर प्रकरण मिटलं. एक गुरुवार चुकला तर कागद परत कोर्टात.

अप्पा सर्व्हे ऑफिसात होते. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि कोर्टच बरं असं ठरवलं. “चोरी एकटीची असते,” ते म्हणाले. “डोक्याचं म्हटलं की सगळ्या घराण्याचं होतं. सोयरीक करायला तंजावुरात आपली घरं किती?”

बहीण दाराआड बसून हे ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

तोड आत्तेने काढली. “थोरलीला इस्पितळात नेतो म्हणून सांगू. धाकटी सोबतीला.”

“थोरलीचं लग्न व्हायचंय,” अप्पा म्हणाले.

“तीन ठिकाणी मंगळावरून नाही म्हणालेच की. चौथ्यांना आणखी एक कारण. आणि हिला काय रे, ही तशीही बोलत नाही. लोकांना पटेल.”

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. बहिणीशिवाय त्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

डॉक्टर तरुण होते आणि औषध देत नसत, याचा आत्तेला राग होता. “बाटली नाही, पुडी नाही, कसला डॉक्टर!” ते बहिणीशी तासभर बोलत. मी बाहेर बाकावर बसे. गल्लीतल्या बायका येताजाता माझ्याकडे बघून हळहळत. बहिणीला डॉक्टरांनी एकच काम दिलं होतं. दर गुरुवारी इस्पितळातून निघालं की एका घरी जायचं, बाहुली परत द्यायची आणि ‘मी नेली होती’ असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

तिने सांगितलं. एका घरी मार खाल्ला, दोन घरी पुन्हा उसळ खाल्ली. एका आजी म्हणाल्या, “ही आमची नव्हे, आमचीला नाक होतं.” बहीण म्हणाली, “डब्यात मोडलं, आजी.” असे नऊ गुरुवार गेले.

दहावी बाहुली ती देईना. तांबड्या लाकडाची बाई होती, वीतभर उंच. ती आत्तेच्या मैत्रिणीच्या घरून आणलेली. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. कोर्टाच्या बाईही आल्या होत्या, कागद घेऊन.

“ही मी चोरलेली नाही,” बहीण म्हणाली.

“पुन्हा खोटं!” आत्ते तमिळमध्ये म्हणाली. “लिहा डॉक्टर, सुधारली नाही म्हणून.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी बाहुलीकडे बघितलं. तोवर कधी नीट बघितली नव्हती. तिचा डावा कान लाखेने चिकटवलेला होता. आई चिकटवत असताना मीच बाहुली धरली होती. बोट भाजलं होतं.

“ती आईची आहे,” मी म्हटलं. “आत्तेने देऊन टाकली असेल.”

माझा आवाज ऐकून अप्पा दचकले.

“फुटकी वस्तू घरात कशाला ठेवायची, म्हणून दिली,” आत्ते म्हणाली. मग आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. “आणि हिचं काय ऐकता, डॉक्टर? हिचं डोकं ठीक नाही. सगळ्या तंजावूरला ठाऊक आहे.”

डॉक्टरांनी समोरचा कागद उलटसुलट करून बघितला. “माझ्याकडे यांचं नाव कुठे नाही,” ते म्हणाले.

 इतके दिवस सांगून सांगून आत्तेला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

डॉक्टरांनी लिहिलं की नऊ बाहुल्या मुलीने परत केल्या, दहावी तिच्याच घरची. मुलीला आईजवळ राहू द्यावं, असं लिहून त्यांनी ‘आईजवळ’ खोडलं आणि ‘घरी’ केलं. मॅजिस्ट्रेटने तेवढ्यावर सोडलं. पुढच्या नवरात्रात कपाटाची किल्ली अप्पांनी बहिणीला दिली. तांबडी बाई सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली.

माझ्याबद्दलचं बोलणं कुणी मागे घेतलं नाही. घ्यायचं तर धाकटीचं सांगावं लागलं असतं, आणि आता तिचं लग्न व्हायचं होतं. मला ओरत्तनाडूचं स्थळ मिळालं. बिजवर, स्वभावाने शांत. लग्नानंतर महिन्याभराने त्यांनी जेवताना विचारलं, “आता गुरुवारी जावं लागत नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि ताक मागितलं.