विकलेली म्हैस आणि अजिंक्यची छाती

अजिंक्य घाडीला आजवर कुणी हरवलेलं नाही. हरायला आधी लढावं लागतं, आणि ती वेळ त्यानं स्वतःवर येऊच दिली नव्हती. नाव मात्र वडिलांनी, सुभेदार सयाजी घाडींनी, पलटणीतून खास पत्र पाठवून ठेवलेलं. खानापूरकडच्या त्यांच्या गावात दाराच्या चौकटीवर फोटो लावायची रीत. पणजोबा पगडीत, आजोबा टोपीत, वडील टोपीत, तिघेही छाती पुढं काढून. चौथा खिळा सयाजीरावांनी पोराच्या बारशालाच ठोकून ठेवला होता. पुढं त्या खिळ्यावर वर्षानुवर्षं कॅलेंडर लटकलं.

त्याचं कारण सगळ्या गावाला पाठ होतं: म्हैस.

अजिंक्य आठवीत असताना सयाजीराव तिकडं अरुणाचलात बर्फात उभे. इकडं घरात लकवा झालेली सासू, शेत आणि एक दुभती म्हैस, हे सगळं कस्तुराबाईंच्या एकटीच्या गळ्यात. सासूला तर विकता येत नाही. त्यांनी म्हैस विकली. अठराव्या वर्षी अजिंक्य बेळगावात भरतीला गेला, धावण्यात पहिल्या दहांत आला आणि छातीत नापास झाला. श्वास घेतल्यावर पाच सेंटिमीटर फुगायला हवी ती छाती जेमतेम तीन फुगली. सयाजीरावांनी हिशोब एका वाक्यात मिटवला, "दूध तुटलं तिथंच छाती तुटली." पोराला म्हणाले, "तुझा काय दोष?" बायकोला काहीच म्हणाले नाहीत. म्हणजे त्या दिवशी नाही म्हणाले. पुढची तीस वर्षं म्हणत राहिले.

खरी गोष्ट एकट्या अजिंक्यला माहीत होती. भरतीच्याच वर्षी गल्लीतल्या एका जवानाला तिरंग्यात गुंडाळून आणलं होतं. अख्खं गाव जयजयकार करत होतं. आणि त्या जवानाची आई अंगणातलं वाळवण गोळा करत होती, कारण ढग भरून आले होते. भरतीच्या मैदानात ती गार टेप छातीला लागली, 'साँस भरो' असं कुणीतरी ओरडलं, आणि अजिंक्यला ते वाळवण दिसलं. त्यानं श्वास अर्ध्यातच धरून ठेवला. एवढंच. पुढं म्हैस आयती सापडली. तिच्या पाठीवर काहीही लादावं, ती तक्रार करत नाही. ती ज्यांनी विकली, त्यांनीही केली नाही.

मग डिप्लोमा, मग बेंगळुरूत सरकारी कारखान्यात नोकरी. तिथं फौजेसाठी वायरलेस संच बनतात, त्यामुळं सयाजीरावांना लोकांत सांगायला काहीतरी मिळालं, "लढत नाही, पण लढणाऱ्याच्या कानात बोलतो." राजाजीनगरात घर झालं, दावणगिरीची धनलक्ष्मी सून म्हणून आली, म्हातारा-म्हातारी गावाकडून आले. आणि जेवणं उरकली की कस्तुराबाई पेलाभर दूध तापवून, खारीक उगाळून, अठ्ठेचाळीस वर्षांच्या पोरापुढं ठेवू लागल्या.

"अत्ते, अहो शुगर आहे त्यांना. डॉक्टर स्वल्पसुद्धा नको म्हणतात," धनलक्ष्मी सासूला सांगून थकली.

"साखर घातली नाही ग. नुसतं दूध आहे," त्या म्हणत. आणि पेल्याकडं न बघता, "तेव्हा द्यायचं राहिलं."

अजिंक्य एका दमात पेला रिकामा करायचा. दूध त्याला लहानपणापासून आवडत नव्हतं. हे प्रायश्चित्त आहे असं तो स्वतःला समजवायचा. पण प्रायश्चित्त ज्याचं त्यानं करायचं असतं, इथं दूध तापवायला म्हातारी उभी राहायची, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळलेलं गिळायची त्याला सवय होती. दुधासकट.

सयाजीरावांचा जीव की प्राण म्हणजे माजी सैनिकांची बैठक. महिन्यातून एका रविवारी, यशवंतपूरच्या बाजारामागं, कांद्याच्या गोदामावरच्या हॉलमध्ये. तिथला नियम साधा. प्रत्येकानं उभं राहायचं, नंबर, रँक, नाव, पलटण सांगायची आणि आपली एक गोष्ट सांगायची. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तरी चालते, मात्र 'ऐकली आहे' म्हणायला बंदी. कुणी सियाचीन सांगे, कुणी श्रीलंका. सयाजीराव दोन्हीकडं जाऊन आलेले, पण सांगायचे म्हैस. नक्कल करून सांगायचे. आपण सुट्टीवर आलो, गोठ्यात गेलो, हाक मारली, आणि आतून कोंबडी बाहेर आली! हॉल खो खो हसायचा. वडिलांना गाडीतून घेऊन आलेला अजिंक्य दाराशी उभा असायचा. हसणाऱ्यांत त्याचा आवाज जरा मोठाच असायचा.

यंदा मंडळानं ठरवलं, बैठकीला कुटुंबाला आणायचं. कस्तुराबाईंनी ठेवणीतली इरकल नेसली. धनलक्ष्मीनं त्यांच्या अंबाड्यात मोगरा माळला. गाडीत अजिंक्यनं दोनदा घसा खाकरला.

"आप्पा, आज दुसरी एखादी गोष्ट सांगा की. सियाचीनची."

"सियाचीनमध्ये हसण्यासारखं काय आहे?" सयाजीराव म्हणाले. विषय संपला.

बैठक चालवायला मल्लाप्पा होता. रिटायर हवालदार, गोकाककडचा. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यानं भरतीत पोरांच्या छात्या मोजल्या, आणि आता यशवंतपुरात शिंप्याचं दुकान टाकून लोकांच्या कमरा मोजतो. गळ्यातली टेप रविवारीही निघत नाही. जानवं विसरेन पण टेप नाही, असं तो सांगतो. जानवं त्याला नव्हतंच कधी.

सयाजीराव उभे राहिले. नंबर झाला, रँक झाली, आणि म्हैस सुरू झाली. कोंबडी बाहेर आली. हॉल हसला. कस्तुराबाई बायकांच्या रांगेत पहिल्याच खुर्चीवर होत्या. घरातला टोमणा त्यांच्या अंगवळणी पडला होता, पण त्याचं असं नाटक होऊन दर महिन्याला त्याचे खेळ लागतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शेजारची बाई हसत हसत त्यांना म्हणाली, "तुम्हीच होय त्या?"

आणि दारातल्या अजिंक्यला आज हसू आलं नाही.

"सुभेदारसाहेब, पोरगा आलाय की तुमचा!" मल्लाप्पा रंगात आला होता. "ये गा अण्णा इकडं. बघू तरी, बेंगळूरच्या पाकिटातल्या दुधानं काय फरक पडला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजिंक्यला पुढं यावंच लागलं. मल्लाप्पानं गळ्यातली टेप काढून त्याच्या काखेखालून फिरवली. तीच गार टेप. निदान अंगाला तशीच लागली.

"श्वास सोड. हां. आता भर!"

अजिंक्यनं आईकडं बघितलं. ती पदराच्या टोकाकडं बघत होती. त्यानं श्वास घेतला. बेळगावच्या मैदानात राहिलेला अर्धाही त्यातच घेतला. शर्टाचं तिसरं बटण तुटून सयाजीरावांच्या पायाशी जाऊन पडलं.

"सात!" मल्लाप्पा ओरडला. "अहो, हा तर आत्तासुद्धा पास आहे!"

हॉल उसळला. कस्तुराबाई अर्धवट उठल्या, चेहरा उजळलेला. "बघा, माझ्या दुधानं भरली की हो! उशिरा का होईना!"

"तेच तर म्हणतोय मी," सयाजीरावांनी वरच्या आवाजात सांगितलं. "म्हैस असती तर वेळेवर भरली असती!"

पुन्हा हशा. कस्तुराबाई होत्या तशा खाली बसल्या.

टेप गुंडाळता गुंडाळता मल्लाप्पानं अजिंक्यच्या डोळ्यांत बघितलं. असल्या छात्या त्यानं आयुष्यात पुष्कळ मोजल्या होत्या. हळूच म्हणाला, "असू दे गा. काहींची उशिरा भरते."

पळायला वाट मोकळी होती. अजिंक्यला पळायची सवयही होती. धावण्यात तो पहिल्या दहांत आला होताच.

"आप्पा," तो म्हणाला, "म्हशीचा काही संबंध नाही. माझी छाती तेव्हाही फुगत होती. मी श्वास अर्धाच घेतला. मुद्दाम."

"का?" सयाजीरावांनी विचारलं.

"भीती वाटली."

सयाजीरावांनी वाकून बटण उचललं आणि खिशात टाकलं. मग ते ताठ झाले.

"हे कुणाला सांगतोयस?"

"तुम्हाला, आप्पा..."

"पीछे... मुड!"

आवाज इतका कडक होता की मागच्या रांगेतले दोन म्हातारे खुर्चीतल्या खुर्चीत सावध झाले. पोट सुटलेला, बटण तुटलेला अजिंक्य टाचेवर वळला. समोर आई होती.

"खरं?" तिनं विचारलं.

"होय, आई."

कस्तुराबाई रडल्या नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं. "दूध तरी आवडतं का रे तुला?"

"नाही."

"मग पीत का होतास?"

सबंध हॉलला ऐकू जाईल असा हा प्रश्न होता.

"कस्तुरा, अगं मी..." सयाजीरावांनी सुरुवात केली.

"तुम्ही आत्ता बोलू नका. हे लोक जेवायचे थांबलेत." त्या उठल्या, पदर खांद्यावरून नीट केला. "पुढल्या महिन्यात बोला. इथंच उभं राहून. नंबर, रँक, सगळं सांगून."

सुभेदार सयाजी घाडी, जे ब्रिगेडियरलाही उलट उत्तर दिल्याचं स्वतः सांगतात, ते कानडीत 'बरं' म्हणाले, "सरी."

परतताना कस्तुराबाई गाडीत पुढं बसल्या. ती जागा कायम सयाजीरावांची. ते मुकाट मागं, सुनेशेजारी. राजाजीनगर येईपर्यंत गाडीत एकटी धनलक्ष्मी बोलली, तेही "अय्यो" एवढंच.

पुढल्या महिन्यात सयाजीराव उभे राहिले. नंबर सांगितला, रँक सांगितली. मग म्हणाले, "म्हैस विकली ते बरोबर केलं. मी तिथं नव्हतो." आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. कोंबडीशिवाय त्या गोष्टीत हसण्यासारखं फारसं नव्हतंच. कस्तुराबाईंनी मात्र मान हलवली, मागच्या बाकी हिशोबाचं काय ते घरी बघू, अशी.

अजिंक्यशी त्या बोलतात. भाजी काय आणू, गोळी घेतलीस का, एवढं. पेला बंद झाला. पहिले काही दिवस जेवण उरकलं की त्याची मान आपोआप स्वयंपाकघराकडं वळायची. सुटका झाल्यासारखं वाटेल अशी त्याची समजूत होती. वाटलं नाही. तापवून आणलेला पेला निदान गिळता यायचा.

एके संध्याकाळी त्यानंच दूध तापवलं, खारीक उगाळली, थोडी ओट्यावर सांडली, आणि पेला आईपुढं नेऊन ठेवला. कस्तुराबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी पेल्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं.

"मला पण कुठं आवडतं?" त्या म्हणाल्या. "खारकेचं ते गाळून घे आणि विरजण लाव त्याला."

अजिंक्यला विरजण लावता येत नव्हतं. फौजेचे वायरलेस संच जुळवता यायचे, पण हे नाही. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून सांगत गेल्या, दूध आधी कोमट होऊ दे, ताक चमचाभरच, ढवळू नको रे इतकं, आता झाक आणि हात लावू नको. आणि तो तसं तसं करत गेला.